हिरव्या जाळाचा राब

१

ढवळूचा दुसरा बैल मेला, त्या दिवसापासून चैती झऱ्यावर दिसली की करंजपाड्यातल्या बायका घागर घेऊन परत फिरू लागल्या.

पहिला बैल गेला तेव्हा कुणी फारसं बोललं नव्हतं. पावसाळ्यात जनावर जातं. पण पाठोपाठ ढवळूच्या खाचरातलं भात पिवळं पडायला लागलं. तेही सरसकट नाही, चट्ट्याचट्ट्यांनी. रोपं वीतभर वाढून थांबली, पानांची टोकं भाजल्यासारखी झाली, आणि उपटून पाहिलं तर मुळं काळी नि आखूड. हेच खाचर गेल्या साली जपानी पद्धतीच्या लागवडीत तालुक्यात पहिलं आलं होतं. जव्हारला मंडप घालून ढवळूचा सत्कार झाला होता, बक्षिसात लोखंडी नांगर मिळाला होता. त्याची आई गोजाबाई तेव्हापासून ज्याला त्याला थोरला मुलगा बुध्या समोर असतानाही सांगायची, "माझा ढवळू एकटाच कामाचा निघाला."

आता त्या कामाच्या मुलाचं शेत मेलं होतं.

पाड्याच्या वरच्या अंगाला, मोखाड्याच्या रस्त्यालगत, एक कारखाना होता. तारेच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून तिथे ते औषधाच्या टाकीत बुडवून ठेवत. टाकीतलं पाणी हिरवं. साहजिकच आधी सगळ्यांनी कारखान्याकडे बोट दाखवलं. पण कारखान्याच्या अंगाने येणारा ओहोळ आधी बुध्याच्या खाचरात उतरायचा आणि तिथून बांध ओलांडून खाली ढवळूच्या खाचरात. बुध्याचं भात गुडघ्याच्या वर गेलेलं, गर्द हिरवं. पाणी एकच, आणि जळलं ते फक्त खालचं.

मग उरली चैती, बुध्याची बायको. सत्काराच्या दिवशी ती भर अंगणात ओरडली होती, "जळो तो शेत! जळो तो नांगर!" ते अख्ख्या पाड्याने ऐकलं होतं.

अमावास्येला भगताला बोलवायचं ठरलं. तो तांदूळ टाकून करणी कुणी केली त्याचं नाव सांगणार होता. नाव कुणाचं निघणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि नाव निघालेल्या बाईला पाड्यात कुणी राहू देत नाही हेही.

२

अमावास्येच्या आदल्या आठवड्यात शेतकी खात्याने चंद्रकलाबाई उकिडवे यांना जव्हारला पाठवलं. बक्षीसपात्र खाचर पाहायला ठाण्याहून मोठे पाहुणे यायचे होते आणि खाचर तर मरत होतं, म्हणून मातीची तपासणी.

चंद्रकलाबाई रसायनशास्त्रातल्या पदवीधर, शेतकीच्या कॉलेजात शिकवणाऱ्या. वय पस्तिशीचं, अंगावर जाडंभरडं पातळ, हातात लाकडी पेटी. पेटीत आम्लाच्या बाटल्या, जस्ताचे तुकडे, कागदाच्या पट्ट्या. खरं तर या पावसाळ्यात त्या बोटीने अमेरिकेला जायच्या होत्या, पुढच्या शिक्षणाला. ऐन वेळी त्यांच्या हाताखाली शिकलेल्या करंदीकरची निवड झाली. चंद्रकलाबाईंनी त्याला पेढे नेऊन दिले, हसून शुभेच्छा दिल्या, आणि घरी येऊन संध्याकाळचं जेवण तसंच झाकून ठेवलं. त्यानंतर आठ दिवसांत हा जव्हारचा हुकूम.

त्यांनी ढवळूला बरोबर घेतलं आणि दिवसभर चिखलात हिंडून माती गोळा केली. ओहोळाच्या तळाची, बुध्याच्या खाचराची, ढवळूच्या पिवळ्या चट्ट्यांची, चट्ट्यांमधल्या हिरव्या जागांची, आणि ढवळूने उन्हाळ्यात फांद्या-पाला जाळून, म्हणजे राब भाजून, जिथे रोपं तयार केली होती त्या राबाच्या वाफ्याची.

दुसऱ्या दिवशी जव्हारच्या डाकबंगल्याच्या व्हरांड्यात त्यांनी एकेक माती आम्लात उकळली. गाळलेल्या पाण्यात नवसागराचा अर्क टाकला की तांबं असेल तर निळा रंग उतरतो. जस्त टाकून निघणाऱ्या वाफेवर पट्टी धरली की सोमल, म्हणजे आर्सेनिक, असेल तर ती पिवळी, जास्त असेल तर तपकिरी होते.

ओहोळाच्या मातीत रंग जेमतेम. बुध्याच्या खाचरात जवळजवळ नाहीच. ढवळूच्या पिवळ्या चट्ट्यांत निळा रंग स्वच्छ दिसला आणि पट्टी तपकिरी झाली. राबाच्या वाफ्याच्या मातीत तर पाणी शाईसारखं निळं झालं आणि पट्टी करपल्यासारखी दिसू लागली.

तांबं आणि सोमल, कारखान्याच्या टाकीतलीच दोन्ही औषधं.

चंद्रकलाबाई त्या पट्टीकडे बघत राहिल्या. पाण्यातून विष आलं असतं तर ते आधी वरच्या खाचरात साचलं असतं, मग खाली थोडं थोडं. इथे वरचं खाचर स्वच्छ आणि सगळ्यात जास्त विष राबात, जिथे ओहोळाचं पाणी पोहोचतही नाही.

हे विष पाण्याने आणलेलं नव्हतं. माणसाने आणलेलं होतं.

३

कारखान्याचे व्यवस्थापक सबनीस मुंबईचे. त्यांनी चंद्रकलाबाईंना खुर्ची दिली, चहा मागवला आणि बोलायला सुरुवातच वाद घालत केली.

"बाई, आमचं सांडपाणी खड्ड्यात जातं. दाखवतो चला. आणि औषधांची कोठी कुलपात असते, किल्ली माझ्या कमरेला. चिमूटभर सोमल बाहेर गेलेला नाही. गेला असता तर आधी मीच तुरुंगात गेलो असतो."

"मी तुमच्यावर आरोप करत नाही."

"पाड्यातले लोक करतात ना! दोन बैल मेले की कारखाना. कुणाला खोकला झाला की कारखाना."

त्यांनी आवार दाखवलं. टाकीतून काढलेले खांब उतरंडीवर वाळत होते. चार गडी वाळलेल्या खांबांची टोकं करवतीने सारखी करत होते, दुसरे वाकशीने खाचा पाडत होते. कोठीचं कुलूप गंजलेलं नव्हतं, फोडलेलंही नव्हतं. सांडपाण्याचा खड्डा खरोखर होता, आणि भरून वाहत नव्हता.

"आवार फार स्वच्छ ठेवलंय," चंद्रकलाबाई म्हणाल्या.

"ठेवावंच लागतं," सबनीस खूश होऊन म्हणाले. "एक ढलपी दिसायची नाही तुम्हाला इथे."

बाई परत निघाल्या. सबनीसांवर त्यांचा विश्वास बसला होता, आणि तीच अडचण होती. कोठीतून औषध बाहेर पडलं नसेल, तर ढवळूच्या राबात ते आलं कुठून?

वाटेवर त्यांना गोजाबाई भेटली. म्हातारी काठी टेकत त्यांच्याचसाठी थांबली होती.

"तू माती कशाला उकरतेस, बाय?" ती म्हणाली. "कुणी केला ते आमाला ठावा हाय. परवा अमावस. परवा ती जाईल."

४

चैती बुध्याच्या खाचराच्या वर, ओहोळालगतच्या सपाट तुकड्यावर पेंढ्याच्या उडवीला टेकून बसली होती. पायाशी विळा होता, कापलेलं गवत होतं, पण हात थांबले होते. चंद्रकलाबाई जवळ आल्या तरी ती उठली नाही.

"तू पण नाव इचारायला आलीस?"

"नाही. तुझ्याशी बोलायला आले."

"काय बोलायचा? मी जळते. लपवून ठेवला नाय कवा." चैती एकदम बोलू लागली, जणू कुणीतरी विचारायची वाटच पाहत होती. "हिरी माझी धाकटी जाव. तिच्या कमरेला चांदीचा पट्टा आला. माझ्या सासूनं माझ्यासमोर तिच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला, माझ्याकडं बघितला पण नाय. माझ्या पोटात दुखतो बाय. शेत बघितला की दुखतो. मी वरडते, भांडते, मग झोप लागते."

"आणि बैल?"

"बैलावर कोण जळंल?" चैतीला खरंच नवल वाटलं. मग तिचा आवाज खाली गेला. "पण मीच केला असंल. माला वाटतो तसा. माझ्या तोंडातून निघाला जळो, आणि त्या उन्हाळ्यात त्याचा राब रात्री पेटला तो हिरवा पेटला."

"हिरवा?"

"जाळ हिरवा. मी इथून बघितला, सगळ्या पाड्यानं बघितला. पानांचा राब पिवळा जळतो, तांबडा जळतो. त्याचा हिरवा, निळा. आणि वास आला लसणीचा. कुणी लसूण भाजलेली नाय आणि डोळं चुरचुरलं सगळ्यांचं. माझा तोंड तिथं जाऊन जळत होता, बाय."

तांब्याची ज्योत हिरवी असते. सोमल तापला की लसणीचा वास येतो. हे त्यांनी शेकडो वेळा मुलांना शिकवलं होतं, स्पिरिटच्या दिव्याच्या बोटभर ज्योतीवर. त्यांना कारखान्याचं ते लख्ख आवार आठवलं. एवढी करवत चालते, एवढ्या खाचा पडतात, आणि एक ढलपी दिसत नाही!

"चैती," त्या उठत म्हणाल्या, "तुझ्या तोंडाने काही जळलेलं नाही. अमावास्येपर्यंत कुठे जाऊ नकोस."

५

ढवळू आणि हिरी गोठ्यात होते. गोठा रिकामा होता. कोपऱ्यात गोणपाटाखाली करड्या राखेचा ढीग होता. चंद्रकलाबाईंनी गोणपाट उचललं. ढिगाच्या एका बाजूला जिभेने चाटल्याचे गुळगुळीत खळगे पडले होते.

"ही राख राबाची?"

"व्हय बाई," ढवळू म्हणाला. "राबावरची जास्त झाली ती खाचरात पसरली. उरलेली ठेवली, पुढं कामाला येते. बैलांना गोडी लागली होती हिची. खारट लागते ना. दावं ताणून चाटायचे."

हिरीने तोंडावर हात ठेवला. तिला आधी कळलं.

"राब कशाचा केला होतास?" बाईंनी विचारलं.

"दरसाल आईन-किंजळीच्या फांद्या आणतो. जव्हारच्या राजाच्या वेळंला कुणी इचारत नव्हता. आता जंगलाचा रखवालदार कोयता काढून घेतो. औंदा फांद्या पुऱ्या पडल्या नाहीत, तर कारखान्याच्या ढलप्या आणि खांबांची टोकं घातली. फुकट देतात. चांगली धडाडून जळली. रोपं इरळ आली, पण लावणीपुरती झाली."

"कारखान्यातून तूच आणलीस?"

ढवळूने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर बैल गेल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी मऊ आलं. "भाऊनं आणून दिली. गाडी भरून. बक्षीस मिळाला तवापासून तो बोलत नव्हता माझ्याशी. त्या दिवशी स्वतः गाडी उभी केली दारात, म्हणाला, ढवळ्या, तुझ्या राबाला कमी पडतंय ना, घे. मी रडलो बाई."

चंद्रकलाबाई बाहेर येऊन ओट्यावर बसल्या. विष कसं आलं ते आता स्पष्ट झालं होतं. बुध्याने भावाला मदत केली, ढलप्यांत विष आहे हे बिचाऱ्याला काय माहीत, असं म्हणून प्रकरण मिटवता आलं असतं. पाड्यात कुणी अधिक विचारलंही नसतं.

पण त्यांना करंदीकरला दिलेले पेढे आठवले. मत्सराने पोट पेटलेलं असताना माणूस किती गोड बोलू शकतो, हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. इतके महिने अबोला धरलेला माणूस एक दिवस भरलेली गाडी घेऊन दारात का येतो?

ढलप्यांत काय आहे हे बुध्याला ठाऊक असायचं, तर एकाच रीतीने ठाऊक होऊ शकत होतं. त्याने त्या आधी स्वतः जाळल्या असल्या पाहिजेत.

"गेल्या साली बुध्याचा राब कुठे होता?" त्यांनी विचारलं.

हिरीने हात वर केला. "त्या सपाटीला, ओहोळाजवळ. चांगली जागा. पण रोपं मेली त्याची, पावसानं कुजली म्हणाला. मग दुसऱ्या ठिकाणी उशिरा पेरला, म्हणून त्याला पीक आला नाय. आता तिथं पेंढा रचलाय."

६

अमावास्येला सकाळी पाऊस उघडला होता. भगत यायच्या आत चंद्रकलाबाई पाड्यावर पोहोचल्या. झाडाखाली माणसं जमली होती. चैती एका बाजूला एकटीच उभी होती. बुध्या तिच्यापासून दूर, पुरुषांत. उंच, शांत माणूस. नमस्कार करून तो म्हणाला, "बाईंना बसायला घोंगडी द्या रे."

"बसत नाही," चंद्रकलाबाई म्हणाल्या. "बुध्या, तुझी ती उडवी मला हलवून हवी आहे."

"उडवी? कशाला?"

"खालची माती पाहायचीय."

"पेंढा भिजंल, बाई. पाऊस कवा येईल सांगता येत नाय."

"राबाची एवढी चांगली जागा सोडून दुसरीकडे रोपं केलीस. त्या जागेवर पेंढा रचलास. का?"

चैतीने मान वर केली. "मी पण हेच इचारला होता," ती म्हणाली. "मी म्हटला राबाची जागा हाय, इथं नको रचू, तर माझ्या अंगावर धावला."

चार तरुणांनी उडवी बाजूला केली. कडेला पेंढ्याखाली फिकट कोंब, बुरशी आणि गांडुळं होती. पण मधोमध, पूर्वीच्या राबाच्या आकाराची जागा नागडी होती. ना कोंब, ना गांडूळ. चंद्रकलाबाईंनी तिथली माती घेतली आणि सगळ्यांसमोर दगडावर पेटी उघडून उकळली. पाणी निळं झालं. मग त्यांनी कारखान्यातून आणलेली एक ढलपी चिमट्यात धरली, माणसांना वाऱ्याकडे पाठ करून उभं केलं आणि पेटवली.

ज्योत हिरवी झाली. गर्दीतून एक उद्गार निघाला आणि माणसं मागे सरली.

"हा जाळ कुणाच्या नजरेचा नाही," बाई म्हणाल्या. "खांबांना लावलेल्या औषधाचा आहे. ढलप्या जळतात, औषध जळत नाही. ते राखेत राहतं. राख चाटून बैल मेले, राखेच्या मातीत भात मेलं. ढवळूच्या राबात या ढलप्या यंदा जळल्या. बुध्याच्या राबात गेल्या साली. बुध्या, तुझं काय मेलं होतं?"

बुध्या बोलला, ढवळूकडे न बघता.

"शेळी. राख चाटली तिनं. त्या साली मी दोन राब केले. एक पानांचा, एक ढलप्यांचा. तो भर उन्हात पेटवला, जाळाचा रंग कुणाला दिसला नाय. पानांचा जगला, पण थोडाच, म्हणून उशिरा परत पेरला. दुसरा मेला. तवा कळला माला."

"मग मला दिल्यास कशाला?" ढवळू म्हणाला.

"तुझा नांगर बघितला रोज. बांधाच्या पलीकडं. आई रोज बोलायची." बुध्याचा शांत आवाज पहिल्यांदा फाटला. "माझा त्या साली तुझ्याइतकाच आला असता. ढलप्या घातल्या नसत्या तर माझा पहिला आला असता. कुणाला सांगू? हसले असते. मी म्हटला, एक साल याचा पण जाऊ दे. एकच साल. बैल मरतील असा नाय वाटला."

"शेळी मेली होती तुझी," हिरी ओरडली.

बुध्याने मान खाली घातली. गोजाबाई काठी टाकून जमिनीवर बसली होती.

चैती पुढे आली. ती भांडणारी बाई, पण आता आवाज अगदी लहान होता.

"आज भगत आला असता. माझा नाव घेतला असता. तू इथंच उभा होतास." ती थांबली. "बोलला असतास का?"

सगळे बुध्याकडे बघत होते. त्याने तोंड फिरवलं.

भगत आला तेव्हा माणसं पांगली होती. त्याला चहा देऊन परत पाठवलं.

७

चंद्रकलाबाईंनी ढवळूला समजावलं. राबाची नि चट्ट्यांची वरची माती हातभर खरवडून पाण्यापासून दूर, खोल पुरायची. राख तशीच. यंदाचा दाणा खायचा नाही. खाचर सुधारायला काही वर्षं लागतील. ढवळू ऐकत होता. त्याच्या बाजूला बुध्या फावडं घेऊन उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, जा असंही कुणी म्हटलं नाही. दोघे भाऊ एका वाफ्याच्या दोन टोकांनी खणायला लागले.

सबनीसांना बाईंनी सरळ सांगितलं, ढलपी बाहेर गेली तर कारखान्याला टाळं लागेल असा अहवाल मी स्वतः देईन. सबनीस बराच वेळ चिडले. मग हळूच म्हणाले, "मी आमच्या रखवालदारालाही दिल्यात. चूल पेटवायला." आणि टोपी घालून घाईने बाहेर गेले.

दुपारी चंद्रकलाबाई फाट्यावर प्रवासी गाडीची वाट बघत होत्या. चैती तिथे आधीच बसली होती, गाठोडं मांडीवर घेऊन. माहेरी निघाली होती, सूर्यमाळला.

"कायमची?" बाईंनी विचारलं.

"ठाव नाय. आता त्याच्या हातचा भात माझ्या घशाखाली उतरत नाय." थोड्या वेळाने ती म्हणाली, "बाय, तू कुणावर जळतेस?"

चंद्रकलाबाई चमकल्या. मग त्यांनी तिला करंदीकरचं सांगितलं, पेढ्यांसकट. आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

"वरडायचास ना त्याच्यावर," चैती म्हणाली.

वळणावरून कुणीतरी धावत येत होतं. हिरी. धाप लागलेली, पायांना चिखल. ती आली आणि चैतीच्या शेजारी मातीत बसली.

"माझ्याकडं राहा," ती म्हणाली. "माझ्या घरात. तो येणार नाय तिकडं, मी बघते."

चैतीने तिच्याकडे नीट बघितलं.

"तुझ्या घरात राहिले तर परत जळंन गं तुझ्यावर."

हिरीला हसू फुटलं. चैतीलाही. दोघी एकमेकींच्या खांद्यावर पडून हसल्या, आणि हसता हसता हिरी रडायला लागली. घाटातून गाडी वर आली. चैती उठली, तिने गाठोडं कमरेवर घेतलं, हिरीच्या केसांत अडकलेली पेंढ्याची काडी काढून टाकली आणि गाडीत चढली.